कोंबड्या झाकल्या का?

सुमित्राबाई बोडीच्या काठावरून धुणं घेऊन आली तेव्हा तिचा नवरा मंगरू ओसरीत बसून फोनकडे कौतुकानं पाहत होता. सकाळपासून तिनं तो फोन कमरेला खोचून ठेवला होता. बॅटरी उतरली म्हणून चार्जिंगला लावला आणि तेवढ्यात पाच कपडे धुऊन आणावेत म्हणून ती गेली. घात व्हायला पाच कपडे पुरतात.

"रेणूचा फोन आलता," मंगरू म्हणाला. "पोरगी कितीबी शिकली तरी घरावर जीव आहे तिचा. कोंबड्या झाकल्या का, मनून इचारत होती."

सुमित्राबाईनं बादली खाली ठेवली. ठेवली कसली, तिच्या हातून ती आपोआपच खाली गेली.

रेणू मोहफुलांचे लाडू करून मोबाइलवरून विकायची. रायपूरचा म्हणवणारा एक व्यापारी दीड महिना तिच्याशी गोड बोलत होता. मोठी ऑर्डर देतो, पण माल समोर बसून पाहतो, म्हणाला. रेणू काही भोळी नव्हती. भेटायचं ते गोंदियाला, स्टेशनसमोरच्या भरल्या हॉटेलात, दिवसाढवळ्या, आणि तिथून बाहेर पाय ठेवायचा नाही. त्याचा नंबर तिनं कॅलेंडरवर लिहून ठेवला. शहरात ऑटो चालवणाऱ्या मामेभावाला, उमेंद्रला, जवळपास थांबायला सांगितलं. काही वाकडं दिसलं आणि व्यापाऱ्यासमोर उघड बोलता आलं नाही, तर आईला फोन करून काय विचारायचं तेही ठरलं; ते ऐकताच आईनं उमेंद्रला फोन करायचा. शब्द सुमित्राबाईनंच सुचवला होता. ऐकणाऱ्याला संशय येऊ नये असा, अगदी घरचा.

मंगरूला यातलं काहीच माहीत नव्हतं. कळलं असतं तर त्यानं पोरीला उंबऱ्याबाहेर पडू दिलं नसतं, म्हणून मावशीकडे जाते एवढंच त्याला सांगितलं होतं. लेकीचं भलं करायला निघालेल्या आईनं घरातलाच एक कान बंद करून ठेवला होता.

"तुमी काय सांगतलं तिले?"

"झाकल्या मनलो. तं पुन्हा इचारलन, बाबा, नीट पाहून सांगा. मी मनलो, झाकल्या ना बाई, तू काई चिंता करू नोको. तिसऱ्या खेपेले तिचा आवाजच बसला. मी मनलो, सर्दी झाली असंल, गरम पाणी पी. मंग फोन कटला."

दुपारचा एक वाजला होता. अंगणात सगळ्या कोंबड्या मोकळ्या फिरत होत्या.

रेणूचा फोन बंद होता. कॅलेंडरवरचा नंबरही बंद. सुमित्राबाईचा फोन जाताच उमेंद्र दोन मिनिटांत हॉटेलात पोचला. लाडवांचा डबा टेबलावर तसाच आहे, म्हणाला. गल्ल्यावरच्या माणसानं पाहिलं होतं. दोघं जण होते. बहिणीला चक्कर आली, असं सांगून त्यांनी तिला दंडाला धरून गाडीत बसवलं आणि गाडी शहराबाहेर फुलचूरकडे निघून गेली. आता ठाण्यात जातो, एवढं सांगून उमेंद्र फोनवरच रडायला लागला. "आत्या, मी पलीकडच्या गल्लीतच उभा होतो. तुझा फोन येईल मनून वाट पाहून राहिलो होतो."

मग सुमित्राबाईनं नवऱ्याला सगळं सांगितलं. तो ओरडला असता, अंगावर धावून आला असता, तर तिला बरं वाटलं असतं. तो खांबाला टेकून नुसता ऐकत राहिला.

"झाकल्या नोत्या," तो म्हणाला. "भरदुपारी कोण झाकते? तिच्या जिवाले बरं वाटावं मनून खोटं बोललो मी."

तो उठला. कोपऱ्यातली मोठी टोपली घेऊन अंगणात उतरला आणि कोंबड्यांच्या मागे धावू लागला. साठीचा माणूस, दोनदा पडला. गुडघा फुटला तरी थांबला नाही. एकेक कोंबडी धरून त्यानं टोपलीखाली सारली, वर पाटा ठेवला. आत अंधार झाला तशा त्या रात्र झाली समजून गप्प झाल्या.

धापा टाकत तो सुमित्राबाईसमोर येऊन उभा राहिला.

"लाव फोन," तो म्हणाला. "सांग तिले, आता खरंच झाकल्या."