मापाची वही

तीन वर्षं कचेऱ्यांचे उंबरे झिजवल्यावर नर्सला तिच्या सख्ख्या आईचा पत्ता लागला. मुद्दाम स्वतःच्या वाढदिवशी, भर दुपारी, ती त्या शिवणकामाच्या दुकानात शिरली. म्हातारी शिंपीण मशीनवर मान खाली घालून बसली होती.

"मी तुमची मुलगी," नर्स कशीबशी म्हणाली. "आठ दिवसांची असताना दत्तक दिलेली."

शिंपिणीने वरही पाहिलं नाही. "काहीतरीच काय! माझी मुलगी माझ्यापाशीच आहे. दर वाढदिवसाला माप घेते मी तिचं."

तिने पुढे सरकवलेल्या वहीत चौतीस पानं भरली होती. शेवटच्या पानावर आजची तारीख होती आणि खाली लिहिलं होतं, 'डावा खांदा अर्धा इंच उतरलाय.'

नर्सचा हात आपसूक डाव्या खांद्याकडे गेला. गेल्या महिन्यात ती जिन्यावरून पडली, तेव्हापासून तो तसाच होता.

कोपऱ्यातल्या पडद्याआड कुणीतरी नवे कपडे घालून बघत होतं.

"आई, कोण आलंय गं?"

आवाज हुबेहूब नर्सचा होता.

शिंपिणीने आता कुठे मान वर केली आणि नर्सकडे टक लावून पाहिलं.

"कुणी नाही गं," ती म्हणाली.