बाजू बदल

२.५४

"नाणं आहे का कुणाकडे?" आयव्हरने विचारलं.

मैदानाच्या फाटकाला साखळी होती, साखळीला कोरं कुलूप. मंगळवारी कोर्टाने ब्रॅकनशॉ ॲथलेटिक फुटबॉल क्लब बुडीत ठरवून बंद केला आणि गुरुवारी लीगने यादीतून नाव खोडलं. भिंतीवरचं वेळापत्रक काढायला मात्र कुणी आलं नव्हतं. शनिवार, तीन वाजता. पाहुणे: वेनफोर्ड टाऊन.

म्हणून ते आले होते. तिघंच. बसची नोकरी संपवून घरी बसलेला आयव्हर पिकल्स. एक्क्याऐंशी वर्षांची एडना क्रॅबट्री, घडीचं स्टूल आणि थर्मास घेऊन. आणि झुल्फी, टॅक्सी पलीकडे लावून.

अडचण एकच. उभं कुठे राहायचं? आपला संघ ज्या गोलवर चाल करतो त्या गोलमागे उभं राहायचं, आणि हाफटाईमला चालत दुसऱ्या गोलमागे जायचं, हे ब्रॅकनशॉत कुणाला सांगावं लागत नाही. पण आधी कुठला गोल, ते टॉसवर ठरतं. आणि टॉस झालाच नव्हता.

"चॅपलकडच्या गोलमागे जाऊ," झुल्फी म्हणाला. "पहिला हाफ आपण चॅपलकडेच घेतो."

"टॉस जिंकलो तर," एडना म्हणाली. "गेल्या मोसमात किती जिंकलो? तेसुद्धा जमलं नाही मेल्यांना."

नाण्यासाठी खिसा चाचपताना आयव्हरच्या हातून एक निळं कार्ड खाली पडलं. झुल्फीने उचललं. ऑल्डरक्लिफ. सात मैलांवरचे, जन्माचे वैरी. अख्ख्या मोसमाचा पास.

"वा रे वा! बाजू बदललीस होय लेका?"

"लेकीने आणलाय, हेझलने. तिला वाटतं, शनिवारी घरात बसलो तर मी संपेन." आयव्हरने पास परत खिशात कोंबला. "पावणेचारला न्यायला येतेय. त्यांची साडेपाचची मॅच आहे. मी हो म्हटलंय."

एडनाने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"निळ्यात तू तिरडीवर ठेवल्यासारखा दिसशील," ती म्हणाली.

२.५८

कोपऱ्यावरून वेनफोर्डचा पिवळा मफलर आला. मफलरात एकच माणूस.

"बंद पडलाय, ठाऊक आहे मला," तो म्हणाला. "पण रेल्वेचं तिकीट जुलैत काढलं होतं. आणि बायकोला सांगून बसलो होतो, की आज घरी नाही."

आयव्हरला नाणं सापडलं. "पाहुणे आहात. छापा की काटा?"

"काटा."

काटा पडला. पिवळ्या मफलरवाल्याने भिंतीवरून वर पाहिलं, बोट ओलं करून वारा बघितला, वेळ घेतला.

"तुम्ही आधी कालव्याकडच्या गोलवर."

"हलकट मेला!" एडना म्हणाली. मंगळवारपासून ती पहिल्यांदाच हसत होती.

पहिला हाफ

कालव्याकडच्या भिंतीबाहेरून दिसतं ते: फ्लडलाईटचे चार खांब. पत्र्याची कड. कबुतरं.

दहावं मिनिट. काही नाही.

बाविसावं मिनिट. "अहो रेफरी, डोळे आहेत का बटणं?" झुल्फी ओरडला. काय झालं, ते कुणी विचारलं नाही.

तेविसावं मिनिट. "ते ऑफसाईड होतं," एडना म्हणाली.

तिसावं. आयव्हरला भूक लागली. ही गोष्ट इतकी अनपेक्षित होती की एडनाने दिलेला सॉसेज रोल त्याने उभ्याउभ्या दोन घासांत संपवला.

३.४५

शिट्टी कुणी वाजवली नाही. तिघंही एकदम हलले. आयव्हरने स्टूल मिटून बगलेत मारलं, झुल्फीने एडनाला हात दिला.

वाटेत, फाटकापाशी, हेझलची गाडी उभी होती. इंजिन चालू.

"चल बाबा. पार्किंग मिळायचं नाही."

"आलोच. जरा पलीकडे जाऊन येतो."

"पलीकडे काय आहे?"

"दुसरा गोल."

हेझल खाली उतरली. "बाबा, आत कुणी खेळत नाहीये."

ती हे हळू म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"चार दिवस घरात भिंतीकडे बघत बसलास. आज बाहेर येऊन भिंतीकडे बघतोयस. मला नाही रे बघवत. बस ना गाडीत."

तिने दार उघडून धरलं. ती बरोबर बोलत होती आणि आयव्हरला ते कळत होतं. एडना आणि झुल्फी थांबले नव्हते. हाफटाईम पंधराच मिनिटांचा, आणि चॅपलपर्यंत जायला एडनाला तेवढी लागतात. आयव्हरने स्टूल भिंतीला टेकवून ठेवलं. एक हात गाडीच्या टपावर ठेवला. वाकला.

तेवढ्यात चॅपलकडून पिवळा मफलर आला. बाजू बदलून तो कालव्याकडे निघाला होता. जाता जाता त्याने दोन बोटं वर केली, तळवा समोर धरून, अगदी सभ्यपणे.

"दोन-शून्य," तो म्हणाला. मग त्याने उघडं दार पाहिलं. "काय, लगेच निघालात?"

आयव्हर सरळ झाला.

"अजून पंचेचाळीस मिनिटं आहेत," तो म्हणाला, आणि त्याने स्टूल उचलून पुन्हा बगलेत मारलं.