भागूबाईसाठी समुद्र

"अगं बया, हे काय? भिताडाला ओल आलीय व्हय?" शेजारच्या दगडाबाईंनी खाटेसमोर टेकवलेल्या चित्राकडं बघत विचारलं, आणि बद्रीनाथ सरांनी चित्र जरा उजेडाकडं वळवलं.

ओल कसली! कोकणातल्या केळशीचा समुद्र होता तो. ओहोटीचा, संध्याकाळचा. सरांचं सगळ्यात गाजलेलं चित्र. त्यात लाट नाही, होडी नाही. खाली वाळूचा करडा पट्टा, वर निळ्यावर निळे थर, आणि मधून ओढलेली एक पांढरी रेघ. मुंबईच्या प्रदर्शनात लोक त्याच्यापुढं हात बांधून उभे राहिले होते. तेच चित्र सर मोठ्या आशेनं बायकोला दाखवायला घेऊन आले होते. खाटेवर पडलेली भागूबाई नुसती हसली.

"चांगलंय," ती म्हणाली. जन्मभर ती प्रत्येक चित्राला हेच म्हणत आली होती.

तिला दवाखान्यातून घरी आणलं होतं. "आता त्यांना काय हवं नको ते बघा," असं डॉक्टर म्हणाले होते. याचा अर्थ न कळायला सर काही कुक्कुलं बाळ नव्हते. आणि तिला काय हवं होतं तेही त्यांना चांगलं ठाऊक होतं. लग्न झाल्यावर तिनं एकदाच तोंड उघडून मागितलं होतं, "मलाबी समिंदर दाखवा की." सर म्हणाले होते, पुढच्या वर्षी. मग दर दिवाळीच्या सुट्टीत शाळा बंद झाली रे झाली, की सर खांद्याला पिशवी अडकवून एकटेच केळशीला. कधी कापूस वेचणीला आलेला असायचा, कधी म्हैस व्यायला टेकलेली, कधी म्हाताऱ्या वडलांचं दुखणं. फुलंब्रीचं शेत आणि शहरातलं औरंगपुऱ्यातलं घर, दोन्ही तिच्या अंगावर टाकून ते निघायचे. कारणं काय हो, शोधली की सापडतात. खरी गोष्ट अशी, की समुद्रापुढं त्यांना जवळ कुणी नकोच असायचं.

आता न्यायचं म्हटलं तर ती उठून बसतही नव्हती.

म्हणून सरांनी समुद्र इथं आणायचं ठरवलं. पण असा, की दगडाबाईंनाही ओळखू यावा. "खरा समुद्र काढतो तुझ्यासाठी, भागू. लाटा, होड्या, सगळं."

"राहू द्या की आता," ती म्हणाली. "काढायचाच असला तर हितं बसून काढा. माझ्याजवळ."

खाटेला स्टूल लावून सर बसले. आणि हात वळेना! लाट काढायला जावं तर बोटं आपसूक तिला पुसून थर करून टाकायची. होडी काढली ती चपलेसारखी दिसली. शाळेत पोरांना चित्रकला शिकवून केस पिकवलेला माणूस, आणि चौथीतल्या पोराला जमेल ते त्याला जमेना. कॅनव्हासमागून कॅनव्हास वाया गेले. भागूबाईचा श्वास रोज थोडा तोकडा होत होता, आणि सर घाबरेघुबरे होऊन निळ्यावर निळा फासत होते. मधेच मान वळवून डोळे पुसायचे, पुन्हा ब्रश उचलायचे. देवा, एवढं एक चित्र होऊ दे, मग हात झडले तरी चालतील, असं मनातल्या मनात म्हणायचे. भागूबाई पडल्या पडल्या त्यांच्याकडं बघत राहायची. चित्राकडं तिचं फारसं लक्षच नव्हतं.

शेवटी त्यांनी लाज गुंडाळून ठेवली. स्वयंपाकघरातलं किराणा दुकानाचं कॅलेंडर काढून आणलं आणि त्यातलं चित्र जसंच्या तसं उतरवलं. निळंशार पाणी, पांढऱ्या शिडाची होडी, बुडता सूर्य, काठावर वाकलेले दोन नारळ. असल्या चित्रांना ते आयुष्यभर हसत आले होते. त्यांनी दगडाबाईंना हाक मारली.

"काय आहे, सांगा बरं."

"समिंदर की वो! आता कसा झ्याक दिसतोय!"

सरांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी भागूबाईच्या पाठीला उशी लावली आणि चित्र तिच्या पुढ्यात धरलं. "बघ, भागू. हा समुद्र. तुला दाखवायचा राहिला होता."

तिनं बराच वेळ बघितलं. मग सुकलेलं बोट उचलून झाडांवर टेकवलं. ओला रंग बोटाला लागला.

"नारळ नव्हते तिथं," ती म्हणाली. "तुम्ही बसला व्हता तिथं सुरूची झाडं व्हती."

"तुला काय माहीत?"

"आले व्हते की एकदा. भाऊबीजेला माहेरी पाचोडला जाते म्हणले, अन् आमच्या बन्सीदादाला संगं घेऊन यष्टीनं थेट तिथवर आले. तुमच्याजवळ बसून बघायचा व्हता, लई हौस व्हती. मग लांबूनच बघितला अन् माघारी फिरले."

चित्र सरांच्या हातून खाली आलं. "अगं, मग मला हाक का नाही मारलीस?"

"मारणारच व्हते," भागूबाई म्हणाली. "पण तुम्ही वाळूत बसून गाणं म्हणत व्हता. एवढ्या वर्षांच्या संसारात मी तुमचं गाणं कवा ऐकलंच नव्हतं."