भादरलेला झिपऱ्या

सासऱ्यांच्या बिनकेसांच्या जातीच्या कुत्रीला केसाळ पिल्लू झालं, झिपऱ्या. सासऱ्यांनी त्याला भादरून बिनकेसांच्या कुत्र्यांच्या स्पर्धेत उभं केलं. म्हणाले, हरला, तर घराबाहेर! लेकीला कडेवर घेऊन मी सांगून थकले, "बाबा, आईबाप दोघेही बिनकेसांचे असले की काही पिल्लं पोटातच मरतात. वंशात केसाळ हवाच." "मोठी डॉक्टरीण लागून गेलीस!" परीक्षकांनी झिपऱ्याचा जबडा उघडला. "बिनकेसांना दात कमी असतात. याचे सगळे शाबूत! भादरलाय. बाद!" निरोगी निघाला म्हणून बाद! हसावं की रडावं? तेवढ्यात एक बाई बिनकेसांची कुत्री घेऊन आल्या. "काका, हिची काही पिल्लं पोटातच जातात. हा केसाळ जोडीला द्याल?" सासऱ्यांची छाती फुगली. "घरचा आहे, द्यायचा नाही. तुम्हीच हिला घेऊन घरी या. दोघेही बिनकेसांचे म्हणजे पिल्लं जाणारच. शिकलेल्या सुनेला कुठे कळतं!" झिपऱ्या घरी येत होता, म्हणून तेही ऐकून घेतलं.