आजीची कात

"पुन्हा तेच!" शिए सरांनी भिंग टेबलावर आपटलं. "या वर्षातली ही तिसरी खेप. दर रविवारी मी तेच दळण किती दळू?"

टेबलावर नव्वद कुप्या होत्या आणि नव्वद कुप्यांत टॅरँट्युलाची, म्हणजे मोठ्या केसाळ कोळ्यांची, नखाएवढी पिल्लं. कुणाच्या पायावर पिवळा पट्टा, कुणाच्या पांढरा. एका आईच्या पोटची, पण एकाचा तोंडवळा दुसऱ्याला नाही.

को युन-झेन मान खाली घालून उभी होती. तैनानच्या या कोळीमंडळात येऊन तिला तीन वर्षं झाली होती. पिल्लांची आई तिने गाओश्योंगच्या दुकानातून आणलेली. नर मात्र खुद्द सरांच्या घरचा, उसना.

"माझा नर आजीचा नातू," सर म्हणाले. "म्हणजे खोट दुकानातल्या आईत. दोन जातींची सरमिसळ!"

आजी म्हणजे सरांची एकोणीस वर्षांची मादी. मंडळातला जवळजवळ प्रत्येक कोळी तिच्याच वंशाचा. सरांच्या गुरूंनी जाताना ती त्यांच्या ओंजळीत ठेवली होती. गुरूंच्या हातचं कुणी पारखत नाही. तिने कात टाकली की सर ती एका सभासदाला मानाने देत. औषधवाल्या त्साओच्या घरी अशी एक कात पूर्वजांच्या फळीवर, उदबत्तीशेजारी होती.

"सर, धडधाकट आहेत हो पिल्लं," युन-झेन म्हणाली. "त्यांना काय ठाऊक, कोण कुठल्या जातीचं?"

"त्यांना नाही, म्हणून आपल्याला असावं लागतं! तिकडे यांच्या मुलखात जंगल तोडून तोडून संपत आलंय. उद्या खरी जात उरेल ती आपल्या डब्यांत. त्या दुधातही आपणच पाणी घालायचं? फ्रीजरमध्ये ठेव. झोपेत जातील."

"सर, चहा निवतोय," त्साओ मध्ये पडला. "शेंगदाणे खा. पोरीला रडवाल अशानं."

युन-झेन रडली नाही. तिने पिशवीतून टिश्यूत गुंडाळलेली कात काढली. "निदान ही बघून तरी सांगा. पुरावा नको?"

"आता पुरावाही मीच शोधू!" सरांनी सुस्कारा टाकला. साबणाच्या पाण्यात कात भिजवली, पोटाचा भाग चिमट्याने हलकेच उलगडला, सूक्ष्मदर्शकाखाली सरकवला. मादीचं कूळ तिथेच कळतं. नराचं बीज साठवायच्या दोन पिशव्या, शुद्ध जातीत शेंगांसारख्या, सुट्या सुट्या असतात.

"जुळल्यात. पार बुडापासून जुळल्यात! सरळ सरळ संकर. बघ, त्साओ."

त्साओने डोळा लावला आणि खेदाने मान हलवली.

"मग हिच्या पिल्लांचं काय करायचं?" युन-झेनने विचारलं.

"एकदा सांगितलं ना? फ्रीजर."

"आणि नातवंडांचं?"

"तीही."

"लोकांच्या घरी गेलेली? लळा लागलेली?"

"एकूण एक! आणि ज्याने हा वंश वाटला, त्यानेच घरोघरी फोन करून सांगायचं. लाजेने गप्प बसणारेच जात बुडवतात, पोरी."

युन-झेनने एक एक कुपी डब्यात भरली, डब्याचं झाकण लावलं. मग ती कात ज्यातून आली होती ते पाकीट तिने दोन्ही हातांनी सरांपुढे ठेवलं. लाल पाकीट, त्यावर शेंदरी शाईत सरांचा शिक्का, आणि खाली सरांच्याच अक्षरात, 'आजी, अठरावी कात.'