स्वच्छ श्वासाचा दाखला

"हिचं तोंड उघडा," खडीसाखर म्हणाला.

डॉक्टरीणबाईंच्या आत्यानं दोर आखूड धरला. डॉक्टरीणबाईंनी घोडीचा ओठ वर करून दात दाखवले. हात स्थिर होते, डोळे मात्र खडीसाखरेच्या चेहऱ्यावर. यानं ओळखलं तर? एकदा बघितलेलं जनावर हा माणूस विसरत नाही, असं अख्खा बाजार सांगायचा.

घोड्यांच्या या व्यापाऱ्याला खडीसाखर हे नावही बाजारानंच दिलेलं. लंगडं घोडं गळ्यात मारलं तरी गिऱ्हाईक जाताना त्याचेच आभार मानायचं. तीन वर्षांपूर्वी त्यानं घोडेस्वारीच्या एका शाळेला राखाडी घोडी विकली. विकण्याआधी तपासायला डॉक्टरीणबाईंना बोलावलं. बाईंनी छातीला नळी लावली, दोन्ही बाजूंनी नीट ऐकलं आणि श्वास स्वच्छ असल्याचा दाखला सही करून दिला. तिसऱ्याच आठवड्यात घोडी मैदानात धापा टाकत खाली बसली. पाठीवरची मुलगी पडली, तिचा हात मोडला. घोडीला जुना दमा होता. या बहाद्दरानं स्टेरॉइडची सुई टोचून तो तेवढ्यापुरता गप्प बसवला होता. श्वासनळ्यांची सूज उतरली की दमेकरी घोडंही शहाण्यासारखं श्वास घेतं. औषध सरलं की भाता पुन्हा सुरू.

तपासणीच्या दिवशी थोडं रक्त काढून ठेवलं असतं, तर त्यात औषध सापडलं असतं. बाईंनी काढलं नव्हतं. चूक त्यांची होती आणि ती त्यांना रात्रंदिवस खायची. चौकशीत खडीसाखरेनं हात जोडले. "मी अडाणी माणूस, साहेब. सुई टोचणं मला कुठलं येतंय?" पुराव्याअभावी तो सुटला. दाखल्यावर सही बाईंची, म्हणून त्यांच्यावर वर्षभराची बंदी आली. वर्ष सरलं, पण घोडेवाले पुन्हा फिरकले नाहीत. आता त्या मांजरांची नखं कापून पोट भरत होत्या. "त्या मेल्याला मी सोडणार नाही," असं त्या चहा गाळतानाही म्हणायच्या.

शाळेनं टाकून दिलेली घोडी बाईंनीच घरी आणली. कोरडं गवत बंद केलं. पाण्यात भिजवल्याशिवाय एक काडी तिच्यापुढे जात नव्हती. खाली पेंढ्याऐवजी कागदाचे कपटे. रोज सकाळी नाकावर मुखवटा चढवून थेट फुप्फुसात जाणारा स्टेरॉइडचा फवारा. घोडी सुधारली, अंगानं भरली. राखाडी घोडे वयाबरोबर उजळत जातात, तशी ती पांढरीशुभ्रही झाली.

तेवढ्यात कानावर आलं, की चौकशी मंडळाचे अध्यक्ष नातीसाठी गरीब स्वभावाची घोडी शोधताहेत. बाईंनी निरोप धाडला: माझी बघून जा, आणि पारख करायला खडीसाखरेलाच आणा. डाव सरळ होता. खडीसाखरेनं छाती ठोकून घोडी निरोगी ठरवली, की तिथल्या तिथे अध्यक्षांना सांगायचं, ही तीच दमेकरी घोडी, औषधावर आहे म्हणून धड दिसते. तुमच्या पारख्यालाही कळली नाही, मग मला एकटीलाच का सुळावर चढवलंत? घोडी विकायची तर नव्हतीच. आपलं गेलेलं नाव परत हवं होतं, आणि त्याचं उतरलेलं तोंड बघायचं होतं.

"काहीही झालं तरी मध्ये पडू नकोस," आत्यानं सकाळीच बजावलं होतं. "त्याला काय बघायचंय ते बघू दे."

खडीसाखरेनं सगळं बघितलं. घोडीला गोल पळवून आणलं. तिच्या कुशीवर हात ठेवून पोट किती हलतं ते पाहिलं. मग नाकपुड्यांना पिशवी लावून तिला खोल श्वास घ्यायला लावला आणि पिशवी काढून कान लावून उभा राहिला. घोडी खोकली नाही. शेपूट हलवून तिनं त्याच्या टोपीवर एक फटका दिला, तेव्हा आत्याला हसू आवरेना.

"काय मग, घेऊ का?" अध्यक्षांनी काठीवर रेलून विचारलं.

"घोडी झकास आहे," खडीसाखर म्हणाला. बाई बोलायला पुढे सरसावल्या, तेवढ्यात तो म्हणाला, "पण आज नको, साहेब. आधी हिचं रक्त काढून तपासा."

झालं! हातातोंडाशी आलेला डाव फिसकटला. बाईंच्या जिभेवर अस्सल शिवी आली होती. आत्यानं डोळे वटारले, म्हणून त्यांनी ती गिळली.

"रक्त कशाला?" अध्यक्षांनी विचारलं. "खोकला नाही, धाप नाही."

"म्हणूनच तर!" खडीसाखर रंगात आला. मोठ्या माणसाला शिकवायची संधी काय रोज मिळते? "दमेकरी घोड्याला चार दिवस स्टेरॉइड टोचलं, की बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. गिऱ्हाईक खुशीत घरी नेतं आणि पंधरा दिवसांनी कपाळाला हात लावतं. रक्तातच काय ते सापडतं, आणि तेही लगेच काढलं तर."

"पण डॉक्टर छाती तपासतात ना?" अध्यक्षांनी अगदी मऊ आवाजात विचारलं.

"छाती तपासून काय डोंबल कळतंय, साहेब!" खडीसाखर खो खो हसला आणि त्यानं डॉक्टरीणबाईंकडे बोट केलं. "माझ्या त्या राखाडी घोडीची छाती यांनीच तपासली होती की! यांना तरी कुठं कळलं?"