पाणबुडीवरचा शेजारी

“आजोबांना यातलं एक अक्षरही कळता कामा नये,” राजीव म्हणाला.

एकोणीसशे एक्याऐंशीचा हिवाळा होता. शेजारचा ओटो ड्राइव्हवेत बर्फ उपसत उभा होता. पहिल्या महायुद्धात आपण जर्मन पाणबुडीवर होतो, असं तो आत्ता सहज बोलून गेला होता. आणि राजीवच्या आजोबांचं, त्र्यंबक आजोबांचं जहाज त्याच युद्धात माल्टाजवळ पाणबुडीनेच बुडवलं होतं. दोघे भाऊ त्यावर खलाशी होते. थोरला एकनाथ गेला, आजोबा वाचले.

राजीवने जहाजाचं नाव सांगितलं. ओटोने फावडं भिंतीला टेकवलं.

“मग मला त्यांच्याशी बोललंच पाहिजे. मी तेव्हा आमच्या पाणबुडीच्या डेकवर होतो. मी पाहिलंय.”

“तुमचं मन हलकं होईल, ओटो. त्यांचं काय?”

“तुला वाटतंय तसं ते नाही.”

“बोलून त्यांचा भाऊ परत येणार आहे का? प्रॉमिस मी.”

ओटोने होकारार्थी मान हलवली आणि पुन्हा फावडं उचललं.

राजीव तसा भला माणूस. भल्या माणसांना दुसऱ्याचं भलं कशात आहे ते आधीच ठाऊक असतं. आजी गेल्यावर त्यानेच हट्ट करून आजोबांना गुहागरहून अमेरिकेत, पार्सिपनीला आणलं. त्यांना निरोप द्यायला गावातलं चिटपाखरूही आलं नव्हतं. इथेही दिवसभर घर खायला उठायचं. आजोबा परत जायच्या गोष्टी करू लागले, तोच आठवड्यापूर्वी ओटो शेजारी राहायला आला. आता दुपारी पत्ते, जहाजावरच्या मोडक्या इंग्रजीत गप्पा आणि तिखट चिवडा खाऊन लालबुंद झालेला ओटो. एवढा एकच सोबती मिळाला होता. तोही घालवायचा?

शिवाय आजोबांची चीड राजीवने पाहिली होती. पार्कात कुणी म्हातारा जर्मन भेटला की काठी घट्ट धरून ते विचारायचे, “यू नेव्ही? सबमरीन?” नाही म्हटलं की तोंड फिरवून चालू लागायचे.

ओटोने वचन दिलं त्याच दुपारी त्यांनी त्यालाही विचारलं. ओटोने राजीवकडे पाहिलं.

“मी बेकरीत होतो,” तो म्हणाला. “पाव भाजायचो.”

आजोबांनी पत्ते पिसले.

तीन हिवाळे असेच गेले. ओटो मधूनच म्हणायचा, “आता सांगू?” राजीव म्हणायचा, “यू प्रॉमिस्ड.” चौऱ्याऐंशी साली हॉस्पिटलात ओटोने त्याची बाही धरून तेच विचारलं. राजीवने ती अलगद सोडवली आणि त्याला आराम करायला सांगितलं. दोन दिवसांनी ओटो गेला.

दफनाहून परतताना आजोबा गाडीत लहान मुलासारखे रडले. आता काय बिघडणार आहे, असं वाटून राजीवने सांगून टाकलं.

“आजोबा, ओटो बेकरीत नव्हते. तुमचं जहाज बुडवणाऱ्या पाणबुडीवर होते. तुम्हाला त्रास नको म्हणून मीच त्यांना बोलू दिलं नाही.”

आजोबांचं रडणं थांबलं.

“डेकवर होता?”

“हो. सगळं पाहिलंय म्हणाले.”

“तेव्हाच्या पाणबुड्या आधी वर यायच्या रे. होड्या उतरवायला वेळ द्यायच्या. आम्हालाही दिला,” आजोबा म्हणाले. “एकनाथ होडीला लटकला, तेव्हा आमच्याच साहेबाने वल्ह्याने त्याची बोटं ठेचली. होडीतले सगळे नोकरीपायी मुके झाले. मीच भावाला ढकलून जागा घेतली, असं गावभर झालं. आई तेच मानून मेली. एकनाथची बायको शरयू अजून माझ्या घरचं पाणी पीत नाही. समोर डेकवर उभे होते तेवढेच माझे साक्षीदार. त्यांतला एक तरी सापडावा म्हणून मी जन्मभर विचारत फिरलो.”